नाकतोडा आणि मांदेली

आमच्या मांजरीचं नाव मांदेली. त्या मासळीसारखीच अंगावर पिवळसर सोनेरी झाक, म्हणून ठेवलं. माझा मुलगा विनीत नोकरीसाठी मुंबईत असतो. रत्नागिरीच्या घरात मी, सून वेदिका आणि ही. वेदिका सकाळी बँकेत गेली की संध्याकाळपर्यंत माझ्या गोष्टी ऐकायला मांदेलीच. लक्ष देऊन ऐकते असं नाही, पण मधेच उठून जात नाही, आणि या वयात मला तेवढं पुरतं.

त्या रविवारी मात्र तिला मालगुंडला पाठवायचं ठरलं. तिथे वेदिकाचे रावजीमामा राहतात आणि त्यांच्या घरात उंदीर माजलेत. निमित्त झालं सुरमईचं. रवा लावून ठेवलेली तुकडी मांदेलीने ओट्यावरून पळवली आणि वेदिकाच्या उशीवर बसून खाल्ली.

“समोरून झुरळ गेलं तरी मान वळवत नाही ही,” वेदिका म्हणाली. “सुरमई बरी दिसते.”

“झुरळाला रवा लावून बघ.”

ती हसली नाही, तेव्हाच मी ओळखलं की आता काही खरं नाही.

आमचा नेहमीचा रिक्षावाला फारुक आला. त्याला कोकम सरबत दिलं. मांदेलीला करंडीत बसवून वर पंचा बांधला. पंच्याच्या कडेने तिचा एक कान तेवढा बाहेर राहिला. त्या कानाकडे बघत मी वेदिकाला म्हटलं,

“मामांना सांग गो, तिला दूध कोमट लागतं.”

“आई, मांजर पाठवतोय, जावई नाही.”

एवढ्यात खिडकीतून काहीतरी फडफडत आत आलं आणि टीपॉयवर टपकन बसलं. शेजारच्या कुणग्यात भातकापणी चालली होती, तिथून उठलेला असणार. चांगला करंगळीएवढा हिरवागार नाकतोडा.

वेदिका बँकेत अधिकारी, फारुक दोन मुलांचा बाप आणि मी पंचाहत्तरी ओलांडलेली. तिघांचेही हात एकदम नाकावर गेले.

नाकतोडा नाक तोडतो, हे माझ्या माहेरी, हर्ण्याला, पोरांना चालता येण्याआधी शिकवत. भाताच्या शेतात आम्ही पोरं एका हाताने नाक धरूनच हुंदडायचो. आमच्या काशीरामकाकांचं नाक बसकं होतं, ते नाकतोड्यानेच नेलं यावर सगळ्या वाडीतल्या पोरांचं एकमत होतं. काका आंब्यावरून पडले होते हे मला माझ्या लग्नानंतर कळलं. पण तोवर हाताला लागलेली सवय लागलीच.

“काय रे फारुक, तूही?” मी विचारलं.

“आबची अब्बी सागायची, काकी,” तो म्हणाला.

नाक दाबलं की ‘म’चा ‘ब’ होतो, ‘न’चा ‘द’ आणि ‘ण’चा ‘ड’. फारुकची अम्मी आणि माझी आई एकाच शाळेतल्या म्हणायच्या.

“फारुकभाई, बारा दा त्याला,” वेदिका म्हणाली.

“बी? बी दाही.”

तेवढ्यात करंडी हलली. पंच्याची गाठ सुटली आणि मांदेली बाहेर आली. पोट जमिनीला टेकवलं, मागचा भाग डुलवला आणि घेतली झेप. माझा ऊर अभिमानाने भरून आला. झेप पडली सरबताच्या पेल्यावर. सरबत फारुकच्या पँटवर, पेला सोफ्याखाली आणि नाकतोडा उडून थेट मांदेलीच्या नाकावर.

तिचे दोन्ही डोळे नाकाशी गोळा झाले. क्षणभर ती मातीच्या मांजरासारखी बसून राहिली, मग सणसणीत शिंकली. नाकतोडा उडाला तो वेदिकाच्या दिशेने. वेदिका किंचाळत सोफ्यावर चढली. मांदेलीही तिच्यामागे सोफ्यावर, तिथून तिच्या कमरेवर आणि शेवटी कुशीत. दोघी सारख्याच थरथरत होत्या. मी आणि फारुक हसू की पळू अशा अवस्थेत.

नाकतोड्याने पंख्याला एक फेरी मारली आणि तो पुन्हा त्यांच्याकडे वळला. वेदिकाचा एक हात स्वतःच्या नाकावर होताच. दुसऱ्या हाताने तिने मांदेलीला कोपरात घट्ट आवळलं आणि पंजा पसरून तिचं नाक झाकलं.

मी बघत राहिले. नाकतोडा पडद्यावर जाऊन बसला, तरी तो हात काही निघाला नाही.

वेदिकाचा मोबाईल वाजला. तिचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून मी बटण दाबून तो तिच्यासमोर धरला. रावजीमामांचा खणखणीत आवाज खोलीभर पसरला.

“काय गो, निघालं का मांजर?”

वेदिकाने खाली बघितलं. तिच्या तळव्याआडून मांदेलीचे दोन भेदरलेले डोळे वर बघत होते.

“बाबा, बांदेली येत दाही.”

“बाबा कोण? मी मामा बोलतोय.”

“तेच बी बडते, बाबा.”

फारुक ओल्या पँटीसकट जमिनीवर बसला आणि भिंतीला डोकं टेकून हसायला लागला.

“तुला सर्दी झालीय का?” मामा म्हणाले. “तुझ्या सासूबाईंना दे बघू फोन. काय ते त्या नीट सांगतील.”

मी फोन तोंडाशी नेला, आवाज जमेल तेवढा भारदस्त केला.

“दबस्कार, रावजीभाऊ,” मी म्हटलं. “बांजर आबच्याकडेच राहील.”