बडीशेपेचे गुलाबी उंदीर

"पहिलं बाळंतपण परमुलखात करू नकोस, मधू. बाळाला खेळवायला कुणीही येईल. तुला उठवून पानावर बसवणारं माणूस तिथे मिळायचं नाही."

पुण्याहून आईनं फोनवर असं बजावलं तेव्हा मधुवंतीला सातवा लागला होता. ती हसली होती. "आई, सिंगापूर आहे हे, दंडकारण्य नव्हे. आणि तू येतेच आहेस ना?"

आई यायची होतीच. तिकीट झालं होतं, डिंकाचे लाडू वळून झाले होते. पण ते साल २००३. मार्चमध्ये सार्सची साथ आली, आणि एप्रिलमध्ये इरा जन्मली तेव्हा माणसं लिफ्टचं बटणसुद्धा पेनाच्या टोकानं दाबत होती. आईचं तिकीट रद्द झालं. वरुणला, मधुवंतीच्या नवऱ्याला, रजा मिळाली ती चार दिवसांची. पाचव्या दिवशी तो जुरोंग ईस्टच्या ऑफिसला गेला आणि घरात मायलेकी दोघीच उरल्या.

दुपारी पंखा फिरायचा, पडदा फुगायचा आणि खाली बसायचा, आणि त्या लयीत आपण जाग्या आहोत की झोपेत, हे मधुवंतीला कळेनासं व्हायचं. भिंती मऊ झाल्यासारख्या वाटायच्या. तरी दर दहा मिनिटांनी ती इराच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायची. दिवसातून सहा वेळा ताप मोजायची, बाळाचा आणि स्वतःचा, आणि वहीत लिहून ठेवायची. जेवायचं तेवढं राहून जायचं.

अशाच एका दुपारी दाराच्या जाळीबाहेर विल्मा उभी राहिली. मधुवंती अकराव्या मजल्यावर, विल्मा आठव्या. घरं बरोबर खालीवर. सत्तरीची डच बाई. नवरा बंदरावर इंजिनिअर होता, त्याच्यामागून तीस वर्षांपूर्वी इथे आली आणि तो गेल्यावरही इथेच राहिली. आतापर्यंत दोघींची ओळख लिफ्टमध्ये हसण्यापुरती.

"आंटी, आत या ना."

"आंटी नको म्हणूस. या शहरात मासेवालाही मला आंटीच म्हणतो. विल्मा म्हण. आणि आत नाही येणार, दिवस बरे नाहीत." उंबऱ्यावर पत्र्याचा डबा ठेवून ती दोन पावलं मागे सरली. "मुलगी ना? रडते ते खाली ऐकू येतं मला."

"सॉरी हं, खरंच..."

"सॉरी कसलं! इतक्या वर्षांनी या इमारतीला कंठ फुटलाय."

डब्यात घरी भाजलेले गोल, हलके टोस्ट होते, लोण्याची वाटी होती आणि पुडीत गुलाबी-पांढरे साखरेचे दाणे. विल्मानं बाहेरूनच सांगितलं, टोस्टला लोणी लाव, त्यावर हे उंदीर पसर. "आमच्याकडे घरात बाळ झालं की हेच खायचं. मुलगी झाली तर गुलाबी, मुलगा झाला तर निळे."

"उंदीर?"

"बघ की, शेपटी आहे प्रत्येकाला."

खरंच होती. मधुवंतीनं घास घेतला आणि दाताखाली साखर फुटून बडीशेपेसारखा वास नाकात चढला. "अगं, हा तर आमचा हलवा! आई संक्रांतीला करते, तिळाचा. आणि बाळंतिणीला बडीशेप आमच्याकडेही देतात, दूध यावं म्हणून."

"मग आम्ही कशाला देतो? त्याचसाठी. तरुणपणी मी हेच काम करायचे. घरोघर जाऊन बाळंतिणींचं बघायचं. दारात शिरल्यावर पहिला प्रश्न बाळाचा नाही, आईचा. काय खाल्लंस?"

मधुवंतीनं लागोपाठ तीन टोस्ट खाल्ले.

मग ते नेहमीचंच झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी खालून लोण्याचा, फुगलेल्या पिठाचा वास वर यायचा आणि मधुवंतीला वाटायचं, अख्खी इमारत एका मोठ्या उबदार पावासारखी फुगतेय आणि आपण नि इरा तिच्या पोटात झोपलोय. कधी थर्मासमधून बडीशेप घातलेलं गरम दूध यायचं. वहीतल्या नोंदी सहाच्या चार झाल्या, मग तीन.

एका संध्याकाळी वरुण बूट न काढताच आत आला. "खालच्या विल्मांना दहा दिवस घरात राहायचा हुकूम आलाय. मैत्रिणीला बघायला ज्या वॉर्डात गेल्या होत्या, तिथे एक पेशंट सार्सचा निघाला." मग त्याची नजर टेबलावरच्या डब्याकडे गेली.

तो पुढे काही बोलायच्या आत मधुवंतीनं डबा उचलून स्वयंपाकघरातल्या चुटमध्ये, मजल्यामजल्यावरून तळाशी जाणाऱ्या कचऱ्याच्या नळीत, ढकलला. पत्र्याचा डबा आपटत, खणखणत खाली गेला. दहावा मजला, नववा, आठवा. ती चुट विल्माच्या ओट्यामागूनच जाते, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"काळजीपोटी केलंस, त्यात चूक काय?" वरुण म्हणाला.

पुढच्या मंगळवारी खालून वास आला नाही.

मधुवंतीनं फोन केला. विल्मा नेहमीच्याच आवाजात बोलली. घरात कॅमेरा बसवलाय, दिवसातून तीनदा सरकारी फोन येतात, मग थर्मामीटर धरून त्याच्यापुढे उभं राहायचं. "सिनेमात काम मिळालं म्हातारपणी." ताप नाही. काही नको. तू बाळाजवळ राहा. डब्याबद्दल अवाक्षर नाही. एखादा शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी मधुवंतीनं वरुणला सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानातून बारीक बडीशेप आणायला लावली. बेडरूममधला एसी अठरावर केला, इराला तीन पदरांत गुंडाळलं, आणि विजेच्या शेगडीवर कढई ठेवून पाकाचा थेंब थेंब सोडत बोटांनी हलवत बसली. दुपार सरली, पडदे निळे झाले. बडीशेप गोल गोल फुगत राहिली, पण हलव्याला काटा येईना. तिनं पुण्याला फोन लावला.

"वैशाखात हलवा?" आई म्हणाली. "थंडी लागते गं त्याला! एमएस्सी झालीस ना तू?"

"आई, इथे बाराही महिने वैशाखच असतो."

"मग होईल तसा दे. खाणाऱ्याला भूक असली म्हणजे झालं."

मधुवंतीनं गुलाबाच्या सरबतानं निम्मे दाणे रंगवले, पाव कापून दोनदा भाजला, सगळं पिशवीत भरलं, आणि वरुणनं ती पिशवी विल्माच्या दाराच्या जाळीला अडकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना तो खाली डोकावला आणि परत वर आला. पिशवी तिथेच होती.

"झोपल्या असतील," तो म्हणाला.

"तू इराला धर."

मास्क बांधून मधुवंती निघाली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घराबाहेर. टाके ओढत होते; तीन जिने उतरताना पायऱ्या पाण्याखाली असल्यासारख्या हलत होत्या. तिनं बेल वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी दोरीवरचे कपडे संथ डोलत होते. तिनं मनात आकडे मोजायला सुरुवात केली. शंभराच्या पुढे गेल्यावर आतून सपातांचा आवाज आला.

विल्माचा चेहरा एवढासा झाला होता. "वेडी आहेस? वर जा आधी."

"विल्मा, तो डबा मी फेकला."

"ऐकला मी. तुझ्या जागी मीही फेकला असता. बाळंतिणीनं घाबरायचंच असतं. पण मग ओव्हन लावावासा वाटेना. एकटीसाठी कोण करतं?"

"ताप?"

"नाही. तेवढं विचारतात की दिवसातून तीनदा."

"आणि शेवटचं कधी खाल्लंस?"

विल्मानं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "परवा, बहुतेक."

मधुवंती चार हात लांब जिन्याच्या पायरीवर बसली. "पिशवी घे. तू खाल्ल्याशिवाय मी उठणार नाही."

विल्मानं दारात खुर्ची ओढली. लोणी लावलं, दाणे पसरले आणि एक दाणा उजेडात धरून निरखला. "याला शेपटीच नाही! टकले उंदीर केलेस तू!" हसता हसता तिला ठसका लागला, आणि मधुवंती एवढी दचकली की विल्मा आणखीच हसली. चार टोस्ट संपेपर्यंत मधुवंती उठली नाही. वरून इराचं रडणं ऐकू आलं तरीही.

दहा दिवस ताप न येता गेले. तीन वर्षांनी वरुणची पुण्याला बदली झाली. विल्मा तिथेच राहिली. मधुवंतीचा तिला दर रविवारी फोन असायचा. गेले पाच रविवार नुसती रिंग वाजतेय. फोन बिघडला असेल, असं वरुण म्हणतो. म्हणून मधुवंतीचं एवढंच मागणं आहे. तुम्ही सिंगापुरात असाल तर नोव्हेना स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर जुन्या इमारतींची रांग आहे, त्यातल्या शेवटच्या इमारतीत आठवा मजला, जिन्याला लागून पहिलं दार. एकदा जाऊन बघाल का? बेल वाजवून लगेच परत फिरू नका. तिला दारापर्यंत यायला वेळ लागतो.