देव्हाराभाईची बायको

“मासी, पति का नाम?” कम्प्यूटरवर बसलेल्या चंचलने चौथ्यांदा विचारलं.

खिडकीबाहेर तापाने फणफणलेल्या सखुबाईने पदर दातात धरला. “त्यासनं नाव कसं लेऊ, बहीण?”

“उसके बिना कम्प्यूटर आगे नहीं जाता.”

लिंबायत या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या ट्रस्टच्या इस्पितळात कम्प्यूटर येऊन आठ दिवस झाले होते. ट्रस्टींनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि बावीस वर्षं केसपेपर शोधणाऱ्या शोभाबाईंना बाजूच्या स्टुलावर बसवलं. “शोभाबेन, आता आराम करा,” व्यवस्थापक मगनभाई म्हणाले होते. “मध्ये बोलू नका, पोरगी गोंधळते.” त्या दोनदा बोलल्या, दोन्ही वेळा रांगेदेखत बोलणी खाल्ली. तेव्हापासून आराम चालला होता.

शोभाबाई मूळच्या अमळनेरच्या. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायकांची भाषा त्यांना पाठ होती. ‘दुपारचा डोक्यावर येतो’ म्हणजे सूर्यभान, ‘सोंडवाला’ म्हणजे गणपत.

“देव्हारामा ऱ्हातस त्या,” सखुबाई अखेर म्हणाली.

म्हणजे भगवान! शोभाबाईंना नावच काय, मागच्या खोलीतला कप्पाही दिसला. सखुबाईच्या जुन्या कागदावर त्यांनीच लाल शाईने लिहिलं होतं : पेनिसिलिन चालत नाही.

चंचलने लिहिलं : देव्हाराभाई.

अशा गृहस्थाची बायको इथे कधीच आलेली नाही, असं कम्प्यूटरने कळवलं.

“मी आठे पह्यले येल शे. मन्हा कागद शे!”

“नया निकाला, मासी. सब इसमें है.”

शोभाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. शोधू दे की त्यालाच! मगनभाई फेरीला आले की त्यांच्यासमोर जुना कागद काढून ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात चहा आला. त्यांनी तो चवीने, बशीत ओतून घेतला.

तिकडे वॉर्डात नर्सने विचारलं, “कुठलं औषध सोसत नाही का?”

“कागदवर लिखेल शे ना,” सखुबाई म्हणाली.

नर्सने पाहिलं. लिहिलेलं होतं : काही नाही. रिकाम्या चौकटीत यंत्र स्वतःहूनच तसं छापत असे. ही सोय ट्रस्टींना विशेष आवडली होती.

मगनभाई काही आले नाहीत. शेवटी शोभाबाई स्वतःच कागद घेऊन वॉर्डात गेल्या, तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

आठवड्याने कमिटी बसली. कम्प्यूटर दोषी ठरला, पण तो महाग होता, म्हणून चंचलला काढलं.

“तुमचंच खरं निघालं, शोभाबेन,” मगनभाई हळहळले. “तुम्ही खिडकीवर असता तर!”

“होते मी,” शोभाबाई म्हणाल्या. “ऐकलं मी. कळलंही होतं.”

“बाजूला होता हो. तेच तर आमचं चुकलं!” मगनभाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले. कमिटीने ‘अनुभवी कर्मचारी’ म्हणून त्यांचं नाव कौतुकाने नोंदवलं आणि खिडकी परत दिली.

दुसऱ्याच दिवशी भगवान मृत्यूचा दाखला न्यायला आला. अंगावर लूमची रुई तशीच.

“लोके सांगतस बाई, तुम्ही ऱ्हातात ते ती वाचती,” तो म्हणाला आणि वाकू लागला.

“पाया नका पडू, भाऊ!” शोभाबाई ओरडल्याच. मग स्वतःची खुर्ची खिडकीबाहेर आणून त्याच्यापुढे ठेवली. “बसा.”

तो खुर्चीकडे पाहत राहिला आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसला. शोभाबाई उभ्याच राहिल्या. मागे रांग वाढत होती, आणि मधली रिकामी खुर्ची सरकवून पुढे यायला कुणी धजत नव्हतं.