कुंडापाशी

चैत्राची सोनकेशरी सकाळ. कडुनिंबाचा मोहोर वाऱ्यावाचूनच गळत होता, आणि छावणीच्या शहरातलं ते कृष्णपाषाणी इंग्रजी देऊळ उन्हात उभं होतं; उन्नत, स्तब्ध, शीतल.

गोऱ्या पलटणीने ते बांधलं, गोऱ्या पलटणीसाठीच. भिंतीभिंतीवर शुभ्र स्मृतिशिला: पटकीने गेलेले कोवळे शिपाई, बाळंतपणात विझलेल्या मडमा. पुढचे शिसवी बाक साहेबांचे. मागे दारालगत मराठी ख्रिस्ती मंडळींची सतरंजी. मधोमध कमलाकृती संगमरवरी कुंड, साहेबांच्या लेकरांच्या बाप्तिस्म्याचं. मराठी लेकरांना दाराशीच, पितळी वाटीतलं पाणी. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण तो आजवर कुणी मोडलाही नव्हता.

त्या रविवारी सालोमी पाटोळे तान्ह्या लेकीला छातीशी धरून दाराशी उभी होती. शेजारी तिचा नवरा शांतवन, कर्नलसाहेबांचा खानसामा.

याच उंबऱ्यावर तिच्या थोरल्याचा बाप्तिस्मा झाला होता. उशिरा आलेल्या एका मडमेला वाट द्यायला पाद्री बाजूला सरकले, आणि प्रार्थना अर्धीच राहिली. ते लेकरू पुढे देवीच्या साथीत गेलं. अर्धी प्रार्थना, अर्धं आयुष्य. तो काटा सालोमीच्या काळजात रुतून बसला होता.

वृद्ध पाद्री वाटी घेऊन आले. आणि सालोमी चालू लागली. वाटीकडे नव्हे, आत.

"सालोमी, मागं फिर!" शांतवन कुजबुजला. "साहेब बघतायत."

ती फिरली नाही. अनवाणी पावलांखाली फरशी गार, छातीशी लेकरू ऊबदार. एकेक बाक मागे पडला, एकेक मान वळली. रेशमी पंखे थबकले. ऑर्गनचा सूर मध्येच तुटला. कुंडापाशी ती थांबली.

"पाद्रीसाहेब, इथंच द्या बाप्तिस्मा. आणि प्रार्थना पुरी म्हणा."

कर्नल उठून उभा राहिला. पोलादी, निळी, निश्चल नजर. पाद्र्यांनी कर्नलकडे पाहिलं. लेकराकडे पाहिलं.

मग त्यांनी वाटीतलं पाणी कुंडात ओतलं.

"नाव सांगा, बाई."

सालोमीने लेकीचं टोपडं सोडलं. तोच मागून आवाज आला, कापरा तरी स्पष्ट.

"करुणा."

शांतवन तिच्या खांद्याशी येऊन उभा होता. साहेबांच्या देखत, साहेबांच्या बाकाशेजारी.

बूट वाजले. कर्नल गेला, मडम गेली, बाकांमागून बाक रिते झाले. पाद्री थांबले नाहीत. शब्दन् शब्द, शेवटपर्यंत. आणि सतरंजीवरून, दबल्या कंठांतून, "आमेन" उमटलं.

दुसऱ्या दिवशी बंगल्याचं दार शांतवनला बंद झालं. पण सतरंजीवरची लेकरं पुन्हा कधी उंबऱ्यावर थांबली नाहीत. पुढे पलटण समुद्रापार गेली, आणि त्या पाषाणात मराठी गीतं घुमू लागली.

कुंडापाशी त्या क्षणी मात्र त्या दोघांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शांतवनने लेकीला उचलून घेतलं. तिच्या ओल्या जावळातून पाणी निथळलं, त्याच्या भाजल्या-पोळल्या तळव्यावर उतरलं. थेंब थेंब, थेंब थेंब, हळूहळू तळवा निवत गेला.