एक थेंब जास्त

खरं सांगू? धाकट्या जावेला प्रयोगशाळेत मीच चिकटवली आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. बारा वर्षं मी तिथं जंतू वाढवतेय. ती आली आणि दोन वर्षांत जो तो म्हणायला लागला, "धाकट्या बाईंना विचारा, त्यांचा हात चांगला आहे." हात चांगला म्हणे! नळी कशी धरायची ते शिकवलं कोणी?

त्यात मुख्य तंत्रज्ञाची जागा निघाली. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी आम्हा दोघींना एकाच नळीतले जंतू दिले. रोज सकाळी जुन्या फ्लास्कमधलं चमचाभर पाणी नव्या खाद्यात घालायचं, वर जंतू मारायच्या औषधाचे दोन थेंब, आणि वहीत नोंद. दोन म्हणजे दोनच. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ दिसलं तर जंतू जिवंत, नितळ दिसलं तर मेले. तीस दिवस जिचे जंतू टिकतील आणि वही चोख असेल, तिला जागा.

तिचा फ्लास्क माझ्याआधी गढुळायचा. एकाच नळीतले जंतू, दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होणारे, तरी तिचेच हुशार! जेवताना सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, तुमचे जरा उशिरा उठतात, नाही?" सगळे खो खो हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिसऱ्या दिवशी ती हात धुवायला गेली आणि मी तिच्या फ्लास्कमध्ये एक थेंब जास्त टाकला. मग रोजच टाकायला लागले. अख्खी बाटली ओतायची माझी छाती नव्हती, लगेच सापडले असते. म्हणून तीन-चार दिवसांनी एकाचे दोन थेंब केले, मग तीन, मग चार, असे शेवटपर्यंत वाढवत गेले. थेंब वाढवला की दुसऱ्या दिवशी तिचं पाणी विरळ दिसायचं आणि मला कसं गार वाटायचं. दोन दिवसांत पुन्हा दाट व्हायचं.

बारा वर्षं हेच काम करते हो मी! औषध थोडं थोडं वाढवलं की लाखांतले जे दोन-चार चिवट असतात तेवढे उरतात आणि पुढे सगळी त्यांचीच पिलावळ होते. नव्या मुलींना हे मीच घसा फोडून शिकवते. पण मी इतकी जळत होते की माझंच शिकवणं मला आठवलं नाही.

तिसाव्या दिवशी मॅडमनी दोघींचे जंतू जास्त औषधात टाकून पाहिले. माझे चार थेंबांतच गार झाले. तिचे दहा थेंबांत मजेत वाढले.

मॅडमनी तिची वही टेबलावर आपटली. "इथं रोज दोन थेंब लिहिलेत. दोन थेंबांवर वाढलेले जंतू दहात जगतील? हिच्या बाटलीतलं औषधही कमी भरतंय. खोट्या नोंदी करणारी बाई मला इथं एक दिवस नको."

जागा माझी झाली होती. मी फक्त गप्प बसायचं होतं. जाऊ खाली मान घालून उभी होती, एका शब्दानं बोलली नाही. दीर वर्षभर घरी बसलेले, दोन पोरं शाळेत. 

"मॅडम, वही खरी आहे," मी म्हटलं. "वरचे थेंब मी घालत होते."

जागा तिला मिळाली. मला बाटल्या धुवायला बसवलं.

संध्याकाळी ती शेजारी येऊन बाटल्या पुसायला लागली. "ताई, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग मॅडमसमोर तोंड का शिवलं होतंस?"

"मोठ्या जावेचं नाव घेऊन घरी कुठल्या तोंडानं आले असते?"

"आणि माझ्याशी तरी बोलायचंस!"

"काय बोलायचं? घरात दहा वर्षं तुमचा रोजचा एक थेंब असतोच की. आता सवय झालीय." असं म्हणून ती चक्क हसली आणि पुढची बाटली उचलली.

एवढं सोसून हसता येतं तिला. मेली, तिथंही माझ्या पुढेच!