डाव्या खांद्याची मिठी

व्हर्लिन स्टॉडर्डने गेल्या तीस वर्षांत कुणालाही समोरून मिठी मारली नव्हती. माणूस प्रेमळ होता, त्याबद्दल बेंटन गावात दुमत नव्हतं. शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली आणि त्या बसमधून गेलेली निम्मी पोरं आता बाप्ये होऊन त्याला रस्त्यात थांबवत. पण कुणी गळ्यात पडायला आलं की व्हर्लिन तिरका व्हायचा. डावा खांदा पुढे, उजवी बाजू मागे, उजवं कोपर कमरेशी घट्ट. पाठीवर डाव्या हाताने दोन थापा, की झाली मिठी. कारण उजव्या कमरेला, शर्टाच्या आत, त्याचं पिस्तूल असे. परवाना पिस्तूल लपवून बाळगण्याचा होता, आणि व्हर्लिन परवान्याचा मान राखणारा होता. अख्ख्या गावाला ते पिस्तूल ठाऊक होतं ही गोष्ट वेगळी.

याच पिस्तुलापायी त्याची एकुलती एक मुलगी दुरावली. कोरीन नदीपलीकडे, इलिनॉय राज्यात, कार्बनडेलला नर्स होती. चार वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळे तिच्या घरी जमले असताना तिच्या तीन वर्षांच्या लेकीने, हॅटीने, आजोबांच्या कमरेला विळखा घातला आणि भर पंगतीत विचारलं, "पापा, हे टणक काय आहे?" कोरीनने हातातली ग्रेव्हीची वाटी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, की यापुढे ते माझ्या घरात येणार नाही, अंगणात नाही आणि गाडीत ठेवूनसुद्धा नाही. व्हर्लिन म्हणाला, जिथे ते चालत नाही तिथे मी जात नाही. दोघांचं रक्त एकच, त्यामुळे चार वर्षं दोघांनीही शब्द पाळला. लोएटा, व्हर्लिनची बायको, तेवढी पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या भरून नातीकडे एकटीच जाऊन येई आणि परतल्यावर नवऱ्याशी दोन दिवस तुटकपणे बोले.

मग यंदा ईस्टरच्या आधी कोरीनचा फोन आला. भांडली नाही, उलट हळूच म्हणाली, "हॅटीला तुझा चेहरा आठवत नाही, डॅडी. फोनवरचा आवाज तेवढा ओळखते."

त्या रात्री व्हर्लिनला जेवण गेलं नाही.

शनिवारच्या नाश्त्याला त्याचा दोस्त हॉयट भेटला. हॉयटला सगळ्या राज्यांचे कायदे तोंडपाठ, निदान त्याचा स्वतःचा तसा समज होता. आपला परवाना नदीपलीकडे चालत नाही, हे त्याने बिस्किटं चापता चापता समजावून सांगितलं. गाडीतून जाताना जवळ असलं तर हरकत नाही, पण अंगावर घेऊन खाली उतरायचं नाही. "म्हणजे बघ, गाडीत बसलायस तोवर तू सज्जन," हॉयट म्हणाला, "आणि एक पाय खाली टाकलास की गुन्हेगार. तुझं वय आणि तुझी लघवी बघता कार्बनडेलला पोचेपर्यंत तू चारदा गुन्हेगार होणार." त्यावर त्याने उपायही सांगितला, कुलपाची पेटी घे, उतरताना दर वेळी त्यात ठेव. व्हर्लिनने मान डोलावली.

पण ईस्टरच्या सकाळी त्याने पेटीही घेतली नाही आणि पिस्तूलही नाही. पलंगाशेजारचा खण उघडला, पिस्तूल आत ठेवलं आणि पटकन खोलीबाहेर आला. लोएटाला सांगितलं नाही. मुलीपुढे हरलो हे बायकोला कळण्यापेक्षा आपला पाय मोडला असता तर बरं, असं त्याला वाटत होतं. मसालेदार अंड्यांचं ताट त्याने मागच्या सीटवर ठेवलं, गाडी सुरू केली आणि हॉर्न वाजवला. लोएटा दाराला कुलूप लावून पायऱ्या उतरली, मग चष्मा विसरला म्हणून परत आत गेली. तिला नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

ओहायो नदीवरचा जुना पूल इतका अरुंद, की समोरून ट्रक आला तर माणूस श्वास आत ओढून घेतो. पुलाच्या मधोमध व्हर्लिनला राहवलं नाही. पँट कमरेला सैल लागत होती, पिस्तूल नसल्याने तिला तोल सापडत नव्हता. "ते मी घरी ठेवलंय," तो म्हणाला.

"काय ते?"

"तुला माहितीय काय."

लोएटा त्याच्याकडे बघतच राहिली. व्हर्लिनला वाटलं, आता चिडवेल, नाहीतर रडेल. पण तिने मांडीवरची पर्स जवळ ओढली आणि विचारलं, "मुद्दाम ठेवलंस? विसरून नाही?"

"मुद्दाम."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

एवढ्या मोठ्या त्यागाला दोन शब्द म्हणजे अन्यायच होता. त्यागाचं मोल तिला कळावं म्हणून व्हर्लिनने हॉयटचा सगळा कायदा तिला ऐकवायला घेतला. तीस वर्षं त्याने पिस्तुलाचं नाव काढलं की लोएटा उठून स्वयंपाकघरात जाई. आज ती कान देऊन ऐकत होती. गाडीतून उतरलं की गुन्हा का, असं तिने दोनदा विचारलं. ज्याच्याकडे मुळात परवानाच नाही अशा माणसाला पकडलं तर काय, हेही विचारलं. "त्याला तर तुरुंगच," व्हर्लिन थाटात म्हणाला. लोएटाचा चेहरा उतरला. बायकोला आपली एवढी काळजी आहे हे इतक्या वर्षांनी कळून तो मनातून सुखावला.

पुढच्या पेट्रोल पंपावर तो शीळ घालत उतरला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने दाराजवळ घुटमळणाऱ्या माणसाकडे नीट बघितलं नाही. लोएटाही बाथरूमला निघाली, पर्स पोटाशी कवटाळून. "पर्स गाडीत ठेव की," तो म्हणाला. ती नको म्हणाली. बायका पर्स घेऊन जातातच, त्यात विशेष ते काय!

कोरीन अंगणातच उभी होती. बापाचे केस पार पांढरे झालेले बघून तिचे डोळे भरले. तिने दोन्ही हात पसरले आणि पुढे आली.

आणि व्हर्लिन तिरका झाला. डावा खांदा पुढे, कोपर कमरेशी. त्याने ठरवून केलं नाही, शरीराने आपलं आपण केलं.

कोरीनचे हात हवेतच राहिले. "आणलंसच ना?" ती म्हणाली. "आजच्या दिवशीही."

"नाही आणलं. देवाशपथ."

"लहानपणापासून बघतेय मी हे कोपर, डॅडी."

शपथेवर भागेना, तेव्हा व्हर्लिन स्टॉडर्डने, ज्याने आजवर वाऱ्यालाही आपला शर्ट उडू दिला नव्हता, भर अंगणात शर्ट छातीपर्यंत वर केला आणि शेजारणीच्या देखत स्वतःभोवती गिरकी घेतली. पांढरंफटक पोट, आणि उजव्या कमरेवर पिस्तूल घासून घासून पडलेला तपकिरी वण. बाकी काही नव्हतं.

"मग तिरका का झालास?"

"मला दुसरी मिठी येतच नाही," तो म्हणाला. त्याची त्यालाच लाज वाटली.

कोरीन हसली आणि हसता हसता रडली. म्हणाली, "मला वाटायचं, मला जवळ घ्यायला तुला आवडत नाही." तिने त्याला खांद्याला धरून सरळ केलं आणि समोरून मिठी मारली. व्हर्लिनचा उजवा हात गोंधळला, मग घाबरत घाबरत तिच्या पाठीवर गेला. मुलगी आपल्याएवढी उंच आहे हे त्याला आज समजलं. मागे लोएटा पर्स धरून उभी होती, आणि इतका आनंदाचा प्रसंग असूनही तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

आत टेबलावर हॅम मांडलेलं होतं. लोएटाने पर्स खुर्चीला अडकवली, कोरीनच्या हातातलं भांडं घ्यायला वळली, आणि तेवढ्यात सात वर्षांची हॅटी धावत आली. "मॅमॉ, पेपरमिंट!" ती आजीला म्हणाली. चार वर्षांची सवय होती, विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता हात घालायचा. लोएटा किंचाळली. पोरीच्या हातावर फटका मारून तिने पर्स हिसकली, पट्टा तुटला आणि पर्स टेबलावर आदळली.

तो आवाज पेपरमिंटच्या गोळ्यांचा नव्हता. कोरीनने पर्स ओढून उघडली, आत बघितलं आणि हॅटीला दुसऱ्या खोलीत पाठवलं. नीट दार लावून घेतल्यावर तिने विचारलं, "हे कुणाचं?"

व्हर्लिनला आतली लाकडी मूठ दिसली आणि चष्मा विसरल्याचं कोडं उलगडलं. पूर्वी एकदा एका मयताला जाताना तो पिस्तूल विसरला होता आणि पुलावरून गाडी परत फिरवली होती. मयत चुकलं होतं. आज तसं होऊ नये म्हणून बिचारीने खणातलं पिस्तूल पर्समध्ये टाकलं असणार. पुलावर तिने तोंड उघडलं नाही, कारण पिस्तूल जवळ आहे म्हटलं की नवरा ते कमरेला लावेल, अशी तिला भीती. भरलेलं पिस्तूल, नातीच्या पेपरमिंटमध्ये.

खरं सांगितलं तर व्हर्लिन सुटत होता, पण या घराचं दार जिच्यासाठी चार वर्षं उघडं राहिलं होतं, तिच्यासाठी ते बंद झालं असतं.

"माझं," तो म्हणाला. "मीच तिला ठेवायला सांगितलं."

"व्हर्लिन—"

"लोएटा, तू गप्प बस."

कोरीनने बापाकडे बघितलं. "आणि अंगणात शर्ट वर करून दाखवलास," ती म्हणाली. तीस वर्षं ते कमरेला असताना त्याला कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं.

ती नर्स होती, आरडाओरडा करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने ते गाडीत ठेवून यायला सांगितलं. व्हर्लिनने काडतुसं काढून वेगळी ठेवली, पेटी नव्हती म्हणून पिस्तूल डिकीत ठेवून कुलूप लावलं, बाकी हॉयटने सांगितल्याबरहुकूम. जेवण झालं. हॅम चांगलं झालंय असं सगळ्यांनी म्हटलं. हॅटी लाल झालेला हात मांडीवर ठेवून आजोबांचा चेहरा लांबूनच निरखत होती.

निघताना कोरीन पायरीपर्यंत आली. आईला तिने घट्ट जवळ घेतलं. व्हर्लिन या वेळी दोन्ही हात मोकळे सोडून, अगदी सरळ, शिकवल्यासारखा समोर उभा राहिला.

कोरीन तिरकी झाली. डावा खांदा पुढे, उजवी बाजू मागे, कोपर कमरेशी घट्ट. पाठीवर दोन थापा मारल्या आणि आत गेली. तिच्या कमरेला काहीही नव्हतं.