ब्रोन्काने मळवलेले यान

मित्रांनो, मी एक जुने अंतराळयान आहे. सात फूट लांब, राखाडी रंगाचे, अंगावर चौदाशे बारा खिडक्या असलेले. तरीही जमिनीवरून मी बोटभरसुद्धा उडालेलो नाही, कारण मी प्रतिकृती आहे. तीही कुठल्या खऱ्या यानाची नव्हे. वितोल्ड नावाच्या एका माणसाने मनात जे यान पाहिले, ते मी.

वितोल्ड पोलंडमधल्या तोरुन शहरात दातांच्या कवळ्या बनवायचा. ते दिवस टंचाईचे होते. जिथे मांसासाठी रांग लागायची, तिथे माझ्यासाठी सामान कुठून येणार? भंगारातल्या फ्रीजच्या दाराचे आतले पांढरे प्लॅस्टिक कापून त्याने माझी पाठ केली. मोडक्या घडीच्या खाटेची नळी माझा कणा झाली. शाम्पूच्या बाटल्यांची बुडे, पेनांची टोपणे, मुक्या झालेल्या रेडिओचे तुकडे माझ्या अंगावर बसले. जे कुठेच मिळाले नाही, ते त्याने कवळीचा मसाला साच्यात ओतून घडवले. म्हणून रंगाच्या खाली माझी इंजिने आजही हिरड्यांसारखी गुलाबी आहेत. खिडक्या त्याने दात कोरण्याच्या यंत्राने एकेक करून पाडल्या. प्रत्येक खिडकी खसखशीच्या दाण्याएवढी.

"खिडकी जितकी बारीक, तितकं जहाज मोठं," असे तो स्वतःशीच म्हणायचा.

तीन वर्षांनी त्याने मला प्रतिकृती करणाऱ्यांच्या मंडळात नेले. तिथे लुत्सियान नावाचा गृहस्थ शिडाची जहाजे करायचा. त्याची जीभ फार तिखट होती.

"वा, वितोल्ड! दाढीचं यंत्र झकास केलंयस. सेल कुठे घालायचे रे?"

सगळे हसले. वितोल्डही हसला, पण घरी येऊन माझ्यासमोर बराच वेळ बसून राहिला. त्याला चूक उमगली होती. मी फार कोरा होतो. कोरी वस्तू खेळण्यासारखी दिसते, मित्रांनो. वापराच्या खुणा असल्या तरच ती मोठी वाटते.

मग सबंध हिवाळा त्याने मला मळवले. स्टोव्हची काजळी, खडूंची पूड, पाण्यात कालवलेला तपकिरी रंग. हळूहळू मी शंभर वर्षे प्रवास केलेल्या अजस्र जहाजासारखा दिसू लागलो. वसंतातल्या प्रदर्शनात मला मांडायचे ठरले. वार्निशचा हात देऊन तो मळ पक्का करणे तेवढे राहिले होते. तोच वितोल्डला अर्धांगाचा सौम्य झटका आला आणि तो इस्पितळात गेला.

घरी राहिली त्याची बायको ब्रोन्का. तिचे घर इतके स्वच्छ, की पाहुणे जिन्यातच बूट काढून हातात घेत. ईस्टरच्या आधी तिथे घरोघरी मोठी साफसफाई असते. पडदे उतरतात, काचा धुतल्या जातात. त्या वर्षी काचा झाल्यावर ब्रोन्काचे लक्ष माझ्याकडे गेले. नवरा घरी येईल तेव्हा त्याला आनंद व्हावा, एवढेच तिच्या मनात होते. दोन दिवस ती मला कोमट पाण्याने, सोड्याने आणि मऊ ब्रशने न्हाऊ घालत होती. माझ्या अंगावरून सगळा हिवाळा वाहून गेला. मला ओरडता आले असते तर!

वितोल्ड परतला. ब्रोन्काने माझ्यावरची चादर ओढली.

"बघ, कसं लखलखतंय! काजळी काय चिकटली होती रे, बाई गं!"

वितोल्ड खुर्चीत बसला. "ती काजळी मी लावली होती, ब्रोन्का."

"लावली होतीस? मुद्दाम?"

"चार महिने."

तिने तोंडावर हात ठेवला. प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते आणि वितोल्डचा उजवा हात थरथरत होता.

"जाऊ दे," तो म्हणाला. "या वेळी मोठं दिसलं असतं, एवढंच."

ब्रोन्का आत गेली आणि स्टोव्हची राख घेऊन आली. "शिकव मला."

"तुला? तू ताटातला चुरासुद्धा राहू देत नाहीस."

"शिकव म्हणते ना!"

तिने राख लावली. तो म्हणाला, "आता पूस."

"आधी लाव म्हणतोस, मग पूस म्हणतोस!"

"पुसून जी उरते, तीच खरी दिसते. आता इथून खाली ओघळ काढ."

ब्रोन्काचा हात थांबला. "अंतराळात पाऊस पडतो का रे?"

वितोल्ड आजारपणानंतर पहिल्यांदा हसला. "नाही पडत."

"मग ओघळ कसले? आणि मधोमध काय लावायला सांगतोस? घाण मधे बसत नाही. ती बिजागरीपाशी बसते, कोपऱ्यात बसते, जिथे फडकं पोचत नाही तिथे बसते. तीस वर्षं मी तिच्याशी भांडतेय. ती कुठे लपते हे तू मला सांगणार?"

त्यानंतर वितोल्डने काही सांगितले नाही. तो राखेच्या आणि रंगाच्या वाट्या धरून बसला. आठव्या दिवशी वार्निश लागले.

प्रदर्शनात लुत्सियान माझ्यापुढे आला आणि वाकून पाहत राहिला. मग त्याने विचारले, "खरं असतं तर केवढं असतं रे हे? दोन मैल?"

"तीन," वितोल्ड म्हणाला.

"आणि ही काजळी? ही तुझ्या हातची नाही."

"ब्रोन्काची आहे."

"कोण? आम्हाला बूट काढायला लावणाऱ्या ब्रोन्काबाई?"

ब्रोन्का लालबुंद झाली. वितोल्डने मात्र आपला थरथरता हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

आता वितोल्ड नाही. मी एका वाचनालयात असतो. माझ्यावर खरी धूळ बसते, आणि गंमत पाहा, लावलेल्या धुळीने मी मोठा दिसतो, तर खऱ्या धुळीने लहान. तिचे तंतू माझ्या खिडक्यांहून लांब असतात ना! दर ईस्टरच्या आधी म्हातारी ब्रोन्का काठी टेकत येते. या वर्षी तिने वाचनालयातल्या मुलांना भोवती बसवले.

"हात पाठीमागे. आधी नुसतं बघा. ही धूळ काल बसलेली, ही मी बसवलेली. सांगा, कुठली पुसायची?"

मुले चुकली. तिने पुन्हा दाखवले. तिसऱ्या खेपेला एका मुलीने कोरड्या ब्रशने नेमकी कालची धूळ उचलली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण फडके उचलण्याआधी, ज्याला ती वस्तू ठाऊक आहे त्याच्याजवळ बसा आणि विचारा. तो सांगायला आहे, तोवरच विचारा.