हिमनदीची चौदा वर्षं

इला दर रविवारी जेवायला यायची ती पोटासाठी कमी आणि मराठी बोलण्यासाठी जास्त, असं सुवर्णाबाई म्हणत. पोर नागपूरची. अमेरिकेत, त्यांच्या मॉरिसव्हिलच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या विद्यापीठात हिमनद्यांवर पीएच.डी. करत होती. सुवर्णाबाईंच्या निवृत्त नवऱ्याला, त्र्यंबकरावांना, तिच्याशी वाद घालण्यात आठवड्याचं समाधान मिळायचं.

त्या रविवारी भरली वांगी वाढून घेता घेता ती म्हणाली, "काका, वैताग आलाय नुसता. माझ्या डेटात चौदा वर्षांचा गॅप आहे."

"कुठला डेटा?"

"किर्गिझस्तानमधल्या एका हिमनदीचा. सोव्हिएत काळात तिथे स्टेशन होतं. छत्तीस वर्षं मोजमाप चाललं होतं, एक सीझन चुकला नाही. मग नाइन्टी फाइव्हला एकदम बंद, ते थेट दोन हजार नऊला पुन्हा सुरू. सॅटेलाइटचे फोटो आहेत, पण त्यातून बर्फाची जाडी नीट कळत नाही." तिने पोळी मोडली. "गेल्या उन्हाळ्यात तिथलं, बर्फ वितळून साठलेलं तळं फुटलं. खालच्या गावातली अकरा माणसं गेली. ती वर्षं हाताशी असती, तर कदाचित आधी सांगता आलं असतं. कदाचित नसतंही."

"स्टेशनचं नाव काय?" त्र्यंबकरावांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"अक-बेल."

त्यांनी ताट सारलं आणि ॲसिडिटीचं निमित्त करून उठले.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली त्र्यंबकराव चाळिशीचे होते. सोव्हिएत संघ मोडला होता, मॉस्कोहून येणारा पैसा आटला होता, आणि किर्गिझस्तान या नव्या देशाच्या गळ्यात साठ संशोधन संस्था पडल्या होत्या. कुठली ठेवायची, कुठली दुसरीत मिसळायची, कुठली बंद करायची, हे ठरवायला बाहेरून पाच तज्ज्ञांचं पथक गेलं. त्यात त्र्यंबकराव होते. ते निर्दय नव्हते. ज्याचा कारखाना केव्हाच बंद पडला होता, अशा एका यंत्राचे आराखडे काढत बसलेली चारशे माणसांची संस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. काहीतरी कापावं लागणारच होतं.

अक-बेलची प्रमुख अनारा नावाची बाई होती, अडतीस वर्षांची. तिने त्यांना जीपमधून बर्फाच्या कडेपर्यंत नेलं आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, "इमारत घ्या, गाडी घ्या, आमच्यातली बाकीची माणसं काढा. फक्त दोघांना राहू द्या. संशोधन थांबलं तर पुन्हा सुरू करता येतं. मोजणी थांबली, तर गेलेला दिवस परत मोजता येत नाही."

"मी लिहीन," त्र्यंबकराव म्हणाले होते.

आणि त्यांनी लिहिलंही. पण अहवाल चाळीस पानांत बसवायचा होता आणि तो एक्केचाळिसाव्या पानावर सांडत होता. कुठला तरी परिच्छेद काढणं भाग होतं. त्यांनी अनाराच्या म्हणण्याचा काढला. कुणी सांगितलं नव्हतं. दहा सेकंदांचं काम होतं.

हे सगळं त्यांनी आधी बायकोला सांगितलं. सुवर्णाबाई ऐकत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तिला सांगा. लपवू नका." पुढच्या रविवारी त्यांनी इलाला सांगितलं.

"किती ओळी होत्या, काका?"

"सहा."

रागावेल, उठून जाईल, असं त्यांना वाटलं होतं. तिने तसं काही केलं नाही. तिथल्या तरुण संशोधकांना ईमेल करून करून तिने तीन आठवड्यांत अनाराचा पत्ता लावला.

शनिवारी सकाळी आठ वाजता व्हिडिओ कॉल लागला. तिकडे संध्याकाळ होती. अनारा आता एकोणसत्तर वर्षांची होती. शेजारी इंग्रजी करून सांगायला तिची मुलगी मेरिम. त्र्यंबकरावांनी चार दिवस मनात घोळवलेली माफी सुरू केली, तोच अनाराने हात वर केला.

"तुम्ही चष्मा लावायचात का?"

"तेव्हा नाही."

"मग नाही आठवत. त्या वर्षांत पुष्कळ जण यायचे. सगळे चांगलं बोलायचे."

एकतीस वर्षं ज्या चेहऱ्यासमोर ते मनात खाली मान घालून उभे होते, त्या चेहऱ्याला त्यांची ओळखही नव्हती.

इलाने हळूच पुढचं विचारलं. अनारा सांगू लागली. स्टेशन बंद झाल्यावर ती आणि तिचा नवरा पगाराशिवाय दोन वर्षं वर जाऊन मोजत राहिले. मग नवरा रशियात बांधकामावर गेला. टेप धरायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. ती एकटी काय करणार?

"त्या दोन वर्षांच्या वह्या?" इला पुढे सरकली.

"अठ्ठ्याण्णवच्या थंडीत गॅस नव्हता, लाकडं संपली होती. शेगडीत घातल्या. घरात तान्हं मूल होतं."

मेरिम भाषांतर करता करता थांबली. तिने आईकडे पाहिलं. ते तान्हं मूल तीच होती, आणि हे तिला आज पहिल्यांदाच कळत होतं.

"मी सहा ओळी लिहिल्या होत्या," त्र्यंबकराव म्हणाले. "तुमचं म्हणणं. मीच काढल्या."

"त्या असत्या तर त्या लोकांनी ऐकलं असतं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही माहीत," अनारा म्हणाली. "पण असायला हव्या होत्या."



वसंतात इलाचा पेपर आला. त्र्यंबकरावांनी चष्मा पुसून तो पहिल्यापासून वाचला. चौदा वर्षांच्या जागी लिहिलं होतं: निधीअभावी मोजमाप खंडित. त्यांनी तिला फोन केला.

"हे खोटं आहे, इला. माझं नाव घाल. काय झालं ते लिही."

"मी विचारलं होतं, काका. ॲडव्हायजर म्हणाले, सोर्स काय? मूळ ड्राफ्ट आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग अर्धंच खरं लिहिता येतं. उरलेल्या अर्ध्याला पुरावा नाही." तिचा आवाज कोरडा नव्हता, थकलेला होता. "मला तुमचा राग नाही येत, खरंच. पण तुमच्याकडे जेवायला बसले की ते गाव दिसतं."

त्यानंतर ती आली ती थेट दिवाळीला, विद्यापीठातल्या आणखी चार मुलांबरोबर, आणि सगळा वेळ स्वयंपाकघरात सुवर्णाबाईंशीच बोलत राहिली.